पाऱ्याविना प्रकाश

घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा दिवा परवा बदलला. दुरुस्तीला आलेला मुलगा जुनी नळी कचऱ्यात टाकू लागला, तसा मी त्याला थांबवले. त्या नळीत पारा होता.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्ये पाऱ्याच्या दिव्याने पिण्याचे पाणी निर्जंतुक करून पाहिले गेले. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली, की अतिनील किरण निघतात. ते जंतूंच्या डीएनएवरच घाव घालतात, मग जंतूंची वाढ खुंटते. बंगालमधल्या पटकीच्या साथीने अस्वस्थ झालेल्या, मुंबईत जन्मलेल्या अशोक गाडगीळांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत याच तत्त्वावर खेड्यांसाठी स्वस्त यंत्र करायला घेतले. ते मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी शुद्ध करी.

पण पारा म्हटले, की जपानमधले मिनामाता आठवते. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत उतरला आणि ते मासे खाणारी माणसे लुळी पडली. तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या जागतिक कराराला मिनामाताचेच नाव आहे.

आता चिमुकले एलईडी पाऱ्याविना अतिनील किरण देतात. बटण दाबताच ते पेटतात. मात्र त्यांना दिलेली बरीचशी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मोठ्या केंद्रांत अजून पाऱ्याचेच दिवे अधिक आहेत.

माझी जुनी नळी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. ती कुठे द्यायची, याची चौकशी चालू आहे. तुमच्या नळीचे काय केलेत?