याकिसोबाचे झाडीपट्टीतील भाऊबंद

१/ कोबी, गाजर, कांदा यांसह परतलेल्या नूडल्सना जपानमध्ये ‘याकिसोबा’ म्हणतात. ‘सोबा’ म्हणजे कुट्टू. परंतु याकिसोबात कुट्टू नसतो. त्या नूडल्स गव्हाच्या असतात, कारण या पदार्थाचे मूळ चिनी ‘चाउ मिएन’मध्ये आहे.

२/ चिनी नूडल्सची परंपरा पूर्वेला जपानात गेली, तशी पश्चिमेला तिबेटातही रुजली. तेथील ‘थुक्पा’ हे तिचेच रूप.

३/ १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागे हजारो निर्वासित आले. त्यांतील काहींसाठी १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा जिल्ह्यात गोठणगावजवळ ‘नोरग्येलिंग’ ही वसाहत स्थापन झाली. आज ती गोंदिया जिल्ह्यात आहे. दक्षिणेला लागूनच गडचिरोलीचे अरण्य. तो जिल्हा तेव्हा चंद्रपूरचाच भाग होता, १९८२ मध्ये वेगळा झाला.

४/ थंड पठारावर जव पिकवणारी माणसे झाडीपट्टीच्या उन्हात धान रोवू लागली. गव्हाची शेवई येथे परकी नव्हती; मात्र ती दूध-साखरेत शिजे. पाहुण्यांची शेवई तिखट-खारट, भाज्यांची होती.

५/ निर्वासिताला भूमी, हवामान, पीक निवडता येत नाही. चुलीवर काय शिजवावे, एवढेच त्याच्या हाती उरते. आणि मुलांना न पाहिलेला देश प्रथम कळतो, तो त्याच चुलीपाशी.