भंगारवाल्याची चिठ्ठी

कोलकात्यास बदली झाली त्या वर्षी एका जुन्या कार्यालयातील साहित्याच्या निर्लेखनाचे काम माझ्याकडे आले. जडसंग्रह नोंदवहीत मोडके पंखे, गंजलेली कपाटे, खिडक्यांचे गज अशी लांबलचक यादी होती. आपण ज्याला भंगार म्हणतो त्याला बंगालीतही ‘भांगारी’ म्हणतात. परमुलखात ओळखीचा शब्द भेटला की उगाच बरे वाटते, हा अनुभव घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांना नवा नसावा.

मोठा माल लिलावात गेला. उरलेला किरकोळ माल, रीतसर दरपत्रके मागवून, रोज फाटकावरून हातगाडी नेणाऱ्या एका बिक्रीवाल्याला मिळाला. पैसे भरल्यावर त्याला पावती दिली. तीवर रक्कम होती आणि ‘भंगार विक्री’ एवढे दोनच शब्द. तो म्हणाला, “बाबू, किती गज, किती पंखे, तेवढे लिहून द्या.” तसा नमुनाच नाही, असे बडे बाबू म्हणाले आणि मीही मान डोलावली. आठवड्याने तो पुन्हा दिसला. गज कोठून आणले म्हणून वाटेत त्याला अडवले होते. पावतीवर गजांचा उल्लेख नव्हता. अर्धा दिवस बसून राहावे लागले. त्या दिवसाची कमाई बुडाली ती बुडालीच.

त्याचा आग्रह अनाठायी नव्हता, हे मला कायद्याची पुस्तके उघडल्यावर कळले. आपल्या फौजदारी न्यायात गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. भंगाराच्या बाबतीत मात्र हा नियम बऱ्याच अंशी उलटा केलेला आहे. १९५० मध्ये तारखात्याच्या तारांबद्दल कायदा झाला, १९५५ मध्ये रेल्वेच्या सामानाबद्दल, आणि १९६६ मध्ये रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) अधिनियम आला. चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल कोणाजवळ सापडला, तर तो आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे त्यानेच सिद्ध करावयाचे. न केल्यास पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. चोऱ्या प्रचंड होत होत्या, तेव्हा कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. परंतु गोणीत बीड, पत्रा, पितळ एकत्र कोंबून फिरणाऱ्या माणसाने त्यातील प्रत्येक तुकड्याचे कूळ कसे सांगावे? १९५० चा कायदा २०२३ साली रद्द झाला. रेल्वेचा अजून आहे.

नवल असे, की त्याच काळात भंगाराच्या वरच्या थराची सरकारने फार काळजी घेतली, आणि तीही याच शहरात बसून. ९ सप्टेंबर १९६४ रोजी कोलकात्यात मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन, म्हणजे आजची एमएसटीसी, स्थापन झाली. लोखंडी भंगाराच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणे हे तिचे पहिले काम. १९७४ मध्ये ती ‘सेल’ची उपकंपनी झाली, पुढे पोलाद मंत्रालयाखाली स्वतंत्र झाली. भट्टीत वितळवावयाचे भंगार आणि मोडीत काढावयाची जहाजे परदेशातून आणणे १९९२ पर्यंत तिच्याच हाती होते. ती मक्तेदारी गेल्यावर तिने संगणकावरील लिलाव सुरू केले. आज सरकारी खात्यांचे भंगार मोठ्या प्रमाणावर तिच्याच मार्फत विकले जाते, आणि त्यात मालाचे वर्णन, वजन, ठिकाण सारे नोंदलेले असते. आमच्या बिक्रीवाल्याला नेमके तेवढेच हवे होते!

त्याचा माल पुढे कोठे जातो, हे एकदा मुद्दाम हावड्यात जाऊन पाहिले. बेलिलियस रोडच्या परिसरात लहान ओतशाळा दाटीने वसलेल्या आहेत. उभ्या भट्टीत कोक, कच्चे लोखंड आणि भंगार यांचे थर घालून बीड वितळवतात. येथील ओतीव झाकणे अमेरिकेतील शहरांच्या रस्त्यांवर बसतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील झाकणे हावड्यात अनवाणी कामगार ओततात, हे २००७ साली तेथील वृत्तपत्रांनी छापले तेव्हा बरीच खळबळ झाली होती. गोळा करणाऱ्याकडून लहान गाळेवाला, त्याच्याकडून ठोक व्यापारी, मग ओतशाळा, अशी ही साखळी आहे. तीतील कागदपत्रे गाळेवाल्याच्या वरच्या पायरीपासून सुरू होतात.

ही उणीव करखात्यालाही जाणवली. वस्तू व सेवा कर परिषदेने ९ सप्टेंबर २०२४ रोजी, योगायोगाने महामंडळाच्या साठाव्या वाढदिवशीच, निर्णय घेतला आणि १० ऑक्टोबरपासून, नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने कर स्वतःच भरावा असे ठरले. बिलही खरेदीदारच तयार करतो. कर वसूल होईल. पण ते बिल त्याच्या दप्तरात राहते, हातगाडीवर येत नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे महापालिकेने तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ओळखपत्राने मालाचा मालक सिद्ध होत नाही, हे खरे. तरी अडवणाऱ्याशी बोलणे निदान ‘तू कोण?’ यापासून सुरू करावे लागत नाही.

बदलीच्या वेळी घरची लोखंडी खाट मी त्याच बिक्रीवाल्याला दिली. या खेपेस त्याने काही मागण्यापूर्वीच साध्या कागदावर लिहिले : खाट एक, माझ्या मालकीची, राजीखुशीने विकली, खाली सही, हुद्दा, तारीख. त्याला वाचता येत नव्हते. त्याने शेजारच्या पानवाल्याकडून ते दोनदा वाचून घेतले आणि खिशातील प्लास्टिकच्या पिशवीत, मतदार ओळखपत्राच्या मागे, घडी घालून ठेवले.