लिनक्स बसवताना : प्रस्तावना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांत, शिकवणी वर्गांत, शाळांच्या संगणक कक्षांत जी यंत्रे रोज चालतात, त्यांतली पुष्कळशी या अटींत बसत नाहीत. ती बिघडलेली मात्र नाहीत. चार जीबी रॅम असलेल्या आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवलेल्या यंत्रावर लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आजही नीट चालते. हा विषय आत्ताच हाती घेण्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण आपल्या सवयीचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात, विंडोजवर. त्यामुळे विंडोज अडले तर काय करायचे हे गल्लीतला कोणीतरी सांगतो. लिनक्स अडले तर तसे कोणी जवळ सापडत नाही आणि चांगली चालणारी प्रणाली दुसऱ्याच दिवशी काढून टाकली जाते. लिनक्स अवघड आहे हा समज बव्हंशी या एकटेपणातून आला आहे, असे माझे मत आहे.

वास्तविक या प्रणालीत मराठी माणसांचाही वाटा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत काम सुरू केले. पण लिनक्सवर आपली अक्षरे नीट दिसू लागली त्यामागे पुण्यातल्या लोकांची मेहनत आहे. २००४ साली रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केलेले लोहित फॉन्ट आज लिनक्सच्या अनेक वितरणांत मिळतात. पडद्यावरच्या सूचना मराठीत आणणाऱ्यांनी हजारो वाक्ये हाताने भाषांतरित केली आहेत. तेव्हा वाचकांनी हे परक्याचे घर समजू नये.

आता अडचणींकडे वळू. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर शेतकरी थेट मोटर उचलून बाहेर काढत नाही. आधी लाईट आहे का, तिन्ही फेज येतात का, स्टार्टर उचलतो का, आणि मग फूटव्हॉल्व्ह, असा त्याचा क्रम असतो. लिनक्सच्या अडचणीलाही असाच क्रम लावावा. यंत्राचे बायोस, मग प्रणाली सुरू करणारा बूटलोडर, मग प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, मग डेस्कटॉप, आणि शेवटी अडलेले एखादे सॉफ्टवेअर. दोष कोणत्या पायरीवर आहे हे कळले की निम्मे काम झाले. नवख्या माणसाचा वेळ जातो तो पायरी चुकल्यामुळे. बायोसमधल्या सेटिंगचा दोष तो डेस्कटॉपवर शोधत बसतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवले, की लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ मानते, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत सांगितली की प्रश्न मिटतो. पण तारीखच काही वर्षे मागे गेली असेल तर कारण निराळे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल संपला आहे. अशा वेळी ब्राउझर एकेक संकेतस्थळ असुरक्षित म्हणून अडवतो, कारण सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. माणूस वाय-फाय आणि इंटरनेट कंपनीला दोष देत राहतो. उपाय घड्याळाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. चूक किती आहे हे नेमके पाहिले तर चूकच आपले कारण सांगते.

बाकीच्या नेहमीच्या अडचणी याहून सोप्या आहेत. वाय-फाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा इंटरनेट लगेच मिळते आणि त्यावरून हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो. विंडोजचे पार्टिशन फक्त वाचता येते, त्यात काही लिहिता येत नाही, असे झाले तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करा. एचपी लेझरजेट १०२० सारखे प्रिंटर दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर मागतात. त्यासाठी एचपीलिप हे सॉफ्टवेअर आणि त्याचे प्लगइन लागते.

मराठी टंकलेखनासाठी मात्र थोडा वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहिताना साधा र, हलन्त आणि य असे दाबले तर यच्या डोक्यावर रफार चढतो आणि शब्द बिघडतो. शिफ्ट धरून जे दाबले की ऱ येतो, मग डी वरचा हलन्त, मग य; शब्द हवा तसा उमटतो. श्री-लिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फायली उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत असतो, फक्त तो युनिकोडमध्ये नसतो. परिवर्तक वापरून तो परत मिळतो. तालुक्याच्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षांचा मजकूर अशाच फायलींत आहे, म्हणून हे काम मला फार महत्त्वाचे वाटते.

सुरुवात करताना दोन पथ्ये पाळावीत. आधी आपल्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग लिनक्स लगेच बसवू नका. पेन ड्राइव्हवरून नुसते चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासा. काही अडले तर पडद्यावरची सूचना जशीच्या तशी वहीत उतरवा, स्वतःच्या शब्दांत नको. शोध घेताना तीच ओळ उपयोगी पडते.

साकेगाव रस्त्यावरच्या अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे चिखलीत संगणक शिकणारी मुले आहेत. त्यांना आणि प्रत्येक वाचकाला एक विनंती आहे. तुम्ही एखादी अडचण सोडवली की यंत्राचे मॉडेल, लिनक्सची आवृत्ती, आलेली सूचना आणि केलेला उपाय मराठीत लिहून ठेवा, आणि जवळच्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

चिखली, जि. बुलढाणा