झान नावाच्या चौघीजणी

इ.स. १४३१ च्या फेब्रुवारी महिन्यात रूआं येथील किल्ल्यात सुमारे एकोणीस वर्षांच्या एका कैदी मुलीस धर्मन्यायासनापुढे उभे करण्यात आले, आणि रिवाजाप्रमाणे प्रथम तिचे नाव विचारण्यात आले. गावी मला झानेत म्हणत, फ्रान्समध्ये आल्यापासून झान म्हणू लागले, आडनावाविषयी मला काही ठाऊक नाही, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. पुढे एके दिवशी तिने अशीही पुस्ती जोडली की, आमच्याकडे मुली आईचे नाव लावतात. जग या मुलीस आज जोन ऑफ आर्क या नावाने ओळखते. त्यातील 'आर्क' हे बापाचे नाव इतरांनी तिला चिकटविले. 'झान' एवढेच तिचे स्वतःचे.

झान हे फ्रेंच लोकांतील अगदी घरगुती नाव होय. हिब्रू भाषेतील योहानान, म्हणजे 'ईश्वर कृपाळू आहे', या नावापासून लॅटिनमधील योहानेस निघाले, त्यापासून फ्रेंच पुरुषांचे झां, आणि त्याचेच स्त्रीरूप झान. आपल्याकडे गंगा-यमुना जशा घरोघर, तशा तिकडे झान. राजघराण्यांतही हे नाव होतेच. परंतु राण्यांचा विचार आज करावयाचा नाही. नव्हारची राणी झान दाल्ब्रे (१५२८–१५७२) हिने आपल्या राजकारणाचे समर्थन स्वतःच्याच नावाने जगापुढे मांडले. तिला दुसऱ्याच्या लेखणीची अपेक्षा नव्हती. ज्या चौघींविषयी मी बोलणार आहे त्यांतील एकीनेही आत्मवृत्त लिहिले नाही. त्यांना आपण पाहतो ते कारकून, राजा, दुभाष्या आणि जहाजाचा कप्तान यांच्या कागदांतून. म्हणून बाईइतकाच तो कागदही तपासावा लागतो.

पहिल्या झानचा कागद तिच्या शत्रूंनी लिहविलेला आहे. इ.स. १४२९ च्या मे महिन्यात ओर्लेआंचा वेढा उठला, जुलैत रँस येथे सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला, आणि पुढच्याच वर्षी ती पकडली जाऊन इंग्रजांच्या हाती गेली. खटल्यातील प्रश्नोत्तरे गियोम मांशों नावाचा लेखक रोज फ्रेंचमध्ये टिपून घेई. अधिकृत लॅटिन प्रत मागाहून तयार झाली. ३० मे १४३१ रोजी तिला जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी तो निकाल रद्द झाला. त्या फेरचौकशीत याच मांशोंने साक्ष दिली की, तिची उत्तरे वेगळ्या शब्दांत लिहावीत म्हणून न्यायाधीश आपणावर दडपण आणीत, आणि खिडकीच्या पडद्याआड बसविलेले दुसरे लेखक तिच्या बचावाचा भाग गाळून लिहीत. एवढे असूनही त्या कागदातून मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे आश्चर्य होय. शत्रूने लिहिलेला कागद टाकाऊ नसतो. तो जपून वाचावयाचा असतो, इतकेच. तिच्या स्वतःच्या हातचे म्हणावे असे आज काय उरले आहे? तिने सांगून लिहविलेल्या पत्रांपैकी तिहींच्या खाली वेड्यावाकड्या अक्षरांत तिची सही आहे: 'झान', जुन्या पद्धतीप्रमाणे मध्ये 'ह' घालून. अक्षरओळख नसलेली ही मुलगी आपले नाव तेवढे गिरवावयास शिकली होती.

दुसऱ्या झानविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण तिच्याविषयीचा कागदच तोकडा आहे. १४७२ साली बर्गंडीच्या साहसी चार्ल्स ड्यूकने बोव्हे शहरास वेढा घातला. गावच्या बायका दगड आणि उकळते तेल घेऊन तटावर चढल्या, आणि झान लेने नावाच्या तरुणीने शत्रूचे निशाण हिसकावून घेतले. वेढा उठला. १४७४ मध्ये अकराव्या लुईने कोलँ पिलों याच्याशी तिच्या विवाहास मान्यता देऊन त्या दांपत्यास करमाफी दिली. शहरातील स्त्रियांनी उत्सवाच्या मिरवणुकीत पुरुषांच्या पुढे चालावे आणि हवे ते दागिने-कपडे घालावे, अशी मुभाही दिली. यापलीकडे तिच्याविषयी निश्चित असे फारसे काही हाती लागत नाही. 'हाशेत', म्हणजे हातकुऱ्हाड, हे तिचे टोपणनाव मागाहूनचे. १८५१ मध्ये बोव्हेच्या चौकात उभारलेल्या पुतळ्याच्या हाती मात्र ती कुऱ्हाड आहेच. मिरवणूक आजही निघते आणि बायका आजही पुढे चालतात.

तिसरी झान आपल्याच देशात जन्मली. पाँडेचेरी येथे १७०६ साली फ्रेंच कंपनीच्या आल्बेर नावाच्या शस्त्रवैद्याच्या घरी ती जन्मास आली; आईकडून तिचे रक्त हिंदी-पोर्तुगीज. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले. ते वय ऐकून आमच्या पणज्यांना मुळीच नवल वाटले नसते. पहिल्या नवऱ्यापासून तिला अकरा मुले झाली. तो वारल्यावर १७४१ मध्ये चंद्रनगर येथे तिने झोझेफ फ्रांस्वा डुप्ले याच्याशी विवाह केला, आणि पुढील वर्षी डुप्ले पाँडेचेरीचा गव्हर्नर झाला.

त्या काळच्या दक्षिणेतील राजकारण मराठी वाचकांस अपरिचित नाही. डुप्लेने ज्यास कर्नाटकच्या गादीवर बसवू पाहिले तो चंदासाहेब साताऱ्यास मराठ्यांच्या कैदेत होता, आणि त्याचा कबिला पाँडेचेरीच्या आश्रयास राहिला होता. गुत्तीचे मुरारराव घोरपडे आधी इंग्रजांच्या पक्षाकडून लढले आणि १७५३ मध्ये फ्रेंचांना मिळाले. अशा धामधुमीत डुप्लेस या देशाची भाषा नीटशी येत नव्हती. झानला तमिळ येत होते. देशी दरबारांशी चालणाऱ्या पत्रव्यवहारात तिचा हात असे, मद्रासेतील बातमीदार ती पोशी, आणि दक्षिणेत तिचे नावच 'जान बेगम' पडले. फ्रेंचांच्या झानची आमच्या लोकांनी जान केली, यात मला तरी नामकरणाचे कौशल्य दिसते.

परंतु तिच्याविषयीचा सर्वांत भरघोस कागद आहे तो आनंदरंग पिळ्ळै याची तमिळ दैनंदिनी. हा डुप्लेचा दुभाष्या. १७३६ पासून १७६१ पर्यंत त्याने बाजारभावापासून दरबारातील कुजबुजीपर्यंत सर्व काही टिपून ठेवले. इंग्रजी भाषांतराचे बारा खंड झाले आहेत. आणि या बाराही खंडांत बाईविषयी गोड शब्द शोधावा लागतो. ती लाच खाते, नवऱ्यास मुठीत ठेवते, ख्रिस्ती लोकांची बाजू घेते, असा त्याचा धोशा आहे. १७४८ च्या सप्टेंबरात, इंग्रजांचा वेढा पडला असता, पाँडेचेरीतील वेदपुरीश्वराचे देवालय फ्रेंचांनी पाडले, त्याचेही खापर तो जेझुइट पाद्र्यांबरोबर तिच्या माथी फोडतो. देवालय पाडले गेले, हे सत्य आहे. त्या दिवसाचे त्याचे वर्णन वाचताना आजही मन विषण्ण होते, आणि बाईविषयी सहानुभूती वाटेनाशी होते. तथापि हेही विसरता येत नाही की, दुभाष्याच्या पदासाठी चाललेल्या चढाओढीत बाई आपल्या विरुद्ध आहे, ही खूणगाठ पिळ्ळैने मनाशी बांधली होती. ज्या गुणांसाठी तो पुरुष मुत्सद्द्याची वाखाणणी करतो, त्याच गुणांस या बाईच्या ठायी तो कारस्थान म्हणतो. माझे मत विचाराल, तर पैशाच्या लोभाविषयीचे त्याचे आरोप सर्वस्वी खोटे नसावेत. परंतु नवऱ्याच्या प्रत्येक चुकीचे मूळ बायकोत शोधण्याची खोड त्याच्या लेखणीस जडली होती. १७५४ मध्ये डुप्लेस परत बोलावण्यात आले. जन्मभर हिंदुस्थानात राहिलेली झान त्याच्याबरोबर फ्रान्सला गेली आणि १७५६ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये वारली.

१७४६ मध्ये मद्रास घेणारे फ्रेंच आरमार ज्या बेटावरून निघाले, तेच मॉरिशस, त्या वेळचे 'ईल द फ्रान्स', आपल्या चौथ्या झानचे काही वर्षे घर झाले. श्रोत्यांपैकी ज्यांच्या कुंपणावर बोगनवेल चढली आहे, त्यांचा या बाईशी थोडा ऋणानुबंध आहे. झान बारे ही १७४० साली बर्गंडी प्रांतातील एका खेड्यात गरीब घरी जन्मली. फिलिबेर कॉमरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे ती घरकामास होती. १७६७ मध्ये बूगँव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमरसाँ निघाला, तेव्हा राजाच्या जहाजावर स्त्रियांस मज्जाव होता. झानने पुरुषवेष केला आणि नोकर म्हणून 'एत्वाल' जहाजावर चढली. नावातील शेवटची दोन अक्षरे गाळली की झानची झां होते. एवढ्यावर ती वर्षाहून अधिक काळ खलाशांत राहिली. ब्राझीलच्या किनाऱ्यावर कॉमरसाँने जी वेल गोळा करून कप्तानाचे नाव दिले ती बोगनवेल. त्याचा पाय दुखावलेला असे, म्हणून ओझी वाहणे आणि रान तुडविणे बहुधा झानकडेच येई.

१७६८ च्या एप्रिलात ताहिती बेटावरील लोकांनी तिला पाहताक्षणी स्त्री म्हणून ओळखले, असे बूगँव्हिल लिहितो. पुढे तिने रडत रडत त्यास कबुली दिली: मी अनाथ, खटल्यात सर्वस्व गमावलेली, बंदरावर पुरुषवेषात येऊन मी माझ्या धन्यासही फसविले. कप्तानाने ही हकीकत जशीच्या तशी नोंदविली. जहाजावरील इतरांची टिपणे त्याच्याशी जुळत नाहीत. गलबतावर संशय आधीपासून होता, असे शस्त्रवैद्य विव्हे सांगतो. आणि कॉमरसाँचे मृत्युपत्र तर सारेच उघडे करते. प्रवासास निघण्यापूर्वी, १७६६ च्या डिसेंबरात, केलेल्या त्या मृत्युपत्रात आपली घरव्यवस्था पाहणारी झान बारे हिला ६०० लिव्र द्यावे, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे धनी फसला नव्हता. शिक्षा त्याच्यावर येऊ नये म्हणून बाईने सारा दोष स्वतःवर ओढून घेतला, असाच याचा अर्थ मी करतो. कप्तानासही तेच सोयीचे असावे.

कॉमरसाँ मॉरिशसमध्ये १७७३ साली वारला. पुढच्या वर्षी झानने पोर्ट लुई येथे दुबेर्ना नावाच्या सैनिकाशी लग्न केले, आणि त्याच्यासह फ्रान्सला परतून आपली प्रदक्षिणा पुरी केली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ज्ञात इतिहासातील पहिली स्त्री ती हीच. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला सालीना २०० लिव्र पेन्शन बांधून दिले. वेषांतराचा गुन्हा त्या हुकुमात गौरवाने नमूद आहे. १८०७ मध्ये ती वारली. कॉमरसाँने एका झाडास तिचे नाव देऊ केले होते, ते टिकले नाही. २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील, आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातील एका वेलीस शास्त्रज्ञांनी 'सोलानम बारेटी' असे नाव दिले. त्या वेलीची पाने सारखी नसतात. एकाच जातीत ती निरनिराळ्या आकारांची येतात.