गिरणगावची दाटी आणि मोटारींची गर्दी

वस्ती दाट झाली की रस्त्यांवर वाहने तुंबणारच, ही समजूत मुंबईविषयीच्या चर्चेत इतकी रुळली आहे की तिला छेद देणारा खुद्द या शहराचा इतिहास सहसा कोणी विचारात घेत नाही. लोकसंख्येची घनता, म्हणजे एकरी किती माणसे राहतात याचे प्रमाण, जिथे पराकोटीला पोहोचले होते, त्या परळ-लालबाग-वरळीच्या गिरणगावातील दैनंदिन ये-जा मुख्यतः पायी होत असे.

कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या, तसे कोकणातून व देशावरून आलेले कामगार त्यांच्या आसपासच्या चाळींत दाटीवाटीने राहू लागले. कारण पहाटेच्या भोंग्याला फाटकाशी हजर व्हायचे, तर लांब राहणे परवडणारे नव्हते. शहरात १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, तरी कामाची जागा हाकेच्या अंतरावर असलेल्यांना रोज वाहनाची गरज पडत नव्हती. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा बोळ आणि सामाईक शौचालये अशी रचना होती. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबासोबत गाववालेही राहत आणि अनेक ठिकाणी पाळीनुसार आळीपाळीने झोपत. या हालअपेष्टांचे उदात्तीकरण करता येणार नाही, कारण १८९६च्या प्लेगने दाट वस्तीची किंमत दाखवून दिली होती; परंतु मोटार हा तिचा परिणाम नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

हे चित्र पालटले ते १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता, पण २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि मालकांच्या वाट्याच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. नियमावलीनुसार सदनिका जितकी मोठी, तितकी तिच्यासाठी वाहनतळाची तरतूद अधिक. त्यामुळे रेल्वे स्थानकांलगतच्या या मोलाच्या जमिनीवर मोटारींसाठी मजलेच्या मजले बांधले गेले. दाटी आणि वाहने यांचा संबंध जुळतो तो असा, माणसांच्या संख्येपेक्षा घरासोबत मोटारीला दिलेल्या जागेमुळे आणि कामापासून तुटलेल्या घरामुळे.

कारण गिरण्यांच्या जागी आलेल्या कार्यालयांतील बहुसंख्य कर्मचारी आता दूरच्या उपनगरांतून लोकलने येतात आणि स्थानकापासून चालत जातात. त्यांच्या वाटेवरील परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतरच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, लष्कराने बांधलेला नवा पूल तेथे खुला झाला.