टाइल ॲडहेसिव्ह

टाइल ॲडहेसिव्ह हे सिरॅमिक, व्हिट्रिफाइड व तत्सम टाइल भिंतीवर किंवा जमिनीवर बसविण्यासाठी वापरले जाणारे चिकटद्रव्य आहे. सिमेंट, बारीक वाळू व पॉलिमरची पूड यांचे कोरडे मिश्रण हा त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असून काही ठिकाणी इपॉक्सी वापरले जाते. आयएस १५४७७ या भारतीय मानकात त्याचे पाच प्रकार केलेले आहेत.

गरज

भिंतीची सिरॅमिक टाइल साधारणतः वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. त्यामुळे ती भिजवून सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसविण्याची गवंड्यांची जुनी रीत तिला मानवते. व्हिट्रिफाइड टाइलचे जलशोषण ०.५ टक्क्यांहून कमी असते. मसाल्याला तिच्यात शिरण्यास रंध्रेच मिळत नाहीत. अशी टाइल कालांतराने पोकळ वाजू लागते व निखळते. उंच भिंतीवरून ती पडल्यास गंभीर इजा होऊ शकते.

वापर

धूळ, तेल व सुटा रंग काढलेल्या पृष्ठभागावर खाचेदार थापीने सलग थर ओढून त्यात टाइल दाबली जाते. टाइलमागे केवळ ठिपके ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते, परंतु ती सदोष आहे: मधल्या पोकळीत पाणी साचते आणि आघाताने कोपरे तुटतात.

थरावर साय धरण्यापूर्वीच टाइल बसवावी लागते. नाशिकमध्ये उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते व हवा कोरडी असते, त्यामुळे ही मुदत घटते. अशा वेळी एका वेळी थोड्याच जागेवर थर द्यावा. थर बोटाला चिकटत नसल्यास तो खरवडून टाकावा. वरून पाणी शिंपडून तो पुन्हा उपयोगी होत नाही. याउलट निफाड परिसरात हिवाळ्यात पारा कधीकधी ५ अंशांखाली उतरतो. तेव्हा सिमेंट सावकाश घट्ट होते आणि सांधे भरण्यास अधिक थांबावे लागते.

काढणे

ओले ॲडहेसिव्ह ओल्या स्पंजाने निघते. वाळलेले डाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून उरलेला अंश सौम्य सल्फॅमिक आम्लाने काढता येतो. मात्र आम्ल सिमेंटचे सांधेही खाते, म्हणून ते आधी पाण्याने भिजवावेत. आम्ल व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. इपॉक्सीवर सौम्य आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. ते घट्ट होण्याआधीच पुसणे सोपे. दुहेरी टेप किंवा स्टिकरचा चिकटा गरम हवेने मऊ करून ॲसिटोनने पुसता येतो. ॲसिटोन ज्वलनशील असल्याने ते टाइल थंड झाल्यावर व खिडक्या उघडूनच वापरावे.

जुनी टाइल छिन्नीने वा ब्रेकरने काढताना बहुधा गिलावाही सुटतो. न्हाणीघरात त्याखालील जलरोधक थर फाटल्यास तो नव्याने द्यावा लागतो. या कामात उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुफ्फुसविकार जडू शकतो. नाकाला रुमाल बांधणे पुरेसे नाही; पाणी मारत काम करणे व धूळरोधक मास्क वापरणे आवश्यक असते.