उपवासाचा दिवस आणि शाळेचे वेळापत्रक : बोदवड परिसरातील शिक्षकांच्या सहजीवनाचा इतिहास

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, विदर्भाच्या सीमेलगत वसलेले बोदवड हे कापूस आणि धान्याच्या व्यापारावर वाढलेले गाव असून आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. मुक्ताबाईचे कोथळी-मुक्ताईनगर, तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेव आणि शिरसाळ्याचा मारुती ही श्रद्धास्थाने जवळ असल्याने या भागातील वर्षाची घडण वाऱ्या, यात्रा आणि उपवासांनी झालेली आहे. त्याच वेळी मारवाडी जैन व्यापारी, मुस्लिम वस्ती, लेवा पाटीदार व मराठा शेतकरी आणि १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारलेली कुटुंबे यांच्यामुळे इथल्या उपवासांचे प्रकारही एकाहून अधिक आहेत. या सर्व समाजांतील माणसे रोज सहा-सात तास एका छताखाली काम करतात अशा जागा ग्रामीण भागात फार थोड्या, आणि शाळेचा शिक्षकवर्ग ही त्यांपैकी सर्वांत जुनी व स्थिर जागा होय. एखाद्या सहकाऱ्याचा उपवास असेल त्या दिवशी त्याचे काम वाटून घेण्याची जी रीत या शिक्षकवर्गात रुजली, ती कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेली नाही. तिचा इतिहास मुख्यतः शाळेच्या रचनेतील बदलांमधून शोधावा लागतो.

इंग्रजपूर्व काळात शाळा आणि उपवास यांचा संघर्ष उद्भवतच नव्हता, कारण दोघांचे पंचांग एकच होते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत भरणारी पंतोजींची शाळा ही एका माणसाची शाळा होती, तिचा मोबदला बहुधा धान्याच्या आणि सणावाराच्या देणगीच्या रूपात मिळे आणि तिच्या सुट्ट्या तिथीवर ठरत. संस्कृत पाठशाळांत तर प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे दिवस ‘अनध्याय’ म्हणजे अध्ययन बंद ठेवण्याचे मानले जात. एकादशीला पंतोजींनी मुलांना लवकर सोडले तर त्याबद्दल जाब विचारणारा कोणी अधिकारी नव्हता.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यानंतरच्या काही दशकांत, विशेषतः १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखाते अस्तित्वात आल्यावर, ही स्थिती पालटली. सरकारी शाळेला रविवारची सुट्टी, ठरलेली वेळ, हजेरीपट आणि ‘डिपोटी’ म्हणजे तपासणीला येणारा अधिकारी मिळाला. शिक्षकाचा उपवास मात्र तिथीनुसारच येत राहिला. अशा रीतीने शिक्षकाच्या आयुष्यात दोन पंचांगे शिरली, एक भिंतीवरच्या घड्याळाचे व रविवारचे आणि दुसरे घरातल्या तिथीवाराचे, आणि त्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर येऊन पडली. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांचा विस्तार झाला, १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या, १९४७ च्या कायद्याने ही व्यवस्था नव्याने बांधली गेली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. या सगळ्या काळात खेड्यांतील असंख्य शाळा एकशिक्षकीच राहिल्या. चार वर्ग, एक खोली आणि एकच गुरुजी अशा शाळेत निर्जळी उपवास करणाऱ्याला सहकाऱ्याचा आधार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. असलाच तर आधार गावाचा होता, कोणाच्या तरी घरून फराळाचे ताट येई इतकाच. सहकार्याला सहकारी लागतात, ही साधी गोष्ट या इतिहासाच्या मुळाशी आहे.

हे सहकारी प्रथम माध्यमिक शाळांत भेटले. खानदेशात याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे होय. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढे साऱ्या महाराष्ट्राचे झालेले साने गुरुजी, १९२४ ते १९३० या काळात तेथे शिक्षक होते आणि त्यांनी वसतिगृहाची जबाबदारीही सांभाळली. शिकवणे, वसतिगृहातील मुलांची सेवाशुश्रूषा आणि हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक ही सारी कामे त्यांनी एकमेकांपासून वेगळी मानली नाहीत, त्यामुळे खानदेशातील शिक्षकाच्या मनातली आपल्या पेशाची प्रतिमा फार काळ या एका माणसाने घडवली. १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा यासाठी त्यांनी आरंभलेले उपोषण दहा दिवस चालले. या उपोषणाला शिक्षकाच्या आषाढी एकादशीशी जोडण्याचे कारण असे की, एकाच विठ्ठलासाठी धरलेल्या उपवासाला त्यांनी स्वतःच्या पुण्याऐवजी दुसऱ्याच्या हक्काकडे वळवले. उपवास ही केवळ करणाऱ्याची खासगी बाब नसून आजूबाजूच्या माणसांशी तिचा काही संबंध पोहोचतो, ही जाणीव खानदेशच्या शिक्षकांना इतक्या जवळच्या उदाहरणातून मिळाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्राथमिक शाळांत हा बदल बराच उशिरा आला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून देशभर ‘खडू-फळा मोहीम’ राबवली गेली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, आवश्यक साहित्य आणि किमान दोन शिक्षक मिळावेत असा तिचा हेतू होता. या मोहिमेचे मूल्यमापन नेहमी नकाशे, फळे आणि खोल्या यांच्या हिशेबाने होते. परंतु खेड्यातील गुरुजींच्या दृष्टीने तिचे खरे मोल दुसऱ्या शिक्षकात होते. शाळेत दुसरे माणूस आले तेव्हा वर्ग सांभाळायला कोणी मिळाले, दुपारी डबा खायला सोबत मिळाली आणि ‘आज माझे निरंकार आहे’ असे सांगता येईल असा ऐकणारा मिळाला. निरंकार म्हणजे फराळाचे पदार्थही न घेता केलेला उपवास. शेवटचे दोन तास शारीरिक शिक्षणाचे असतील तर ते दुसऱ्याने घ्यायचे आणि त्याऐवजी उपवास करणाऱ्याने त्याच्या वह्या तपासायच्या, अशी देवघेव येथूनच शक्य झाली.

लोहमार्गानेही या सहजीवनाला आकार दिला. भुसावळहून नागपूरकडे जाणारा मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि बोदवड त्यावरील एक स्थानक झाले. पुढे रस्त्यांवर एस. टी. आल्यावर नोकरीच्या गावी न राहता भुसावळ, जळगाव किंवा मलकापूरहून रोज ये-जा करणारे शिक्षक वाढले. या ये-जेला परिसरात सर्रास ‘अप-डाउन’ म्हणतात. मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून प्रशासन आणि शिक्षक संघटना यांच्यातील वाद जुना आहे, आणि त्यात शाळेचे हित कोणत्या बाजूला आहे हे प्रत्येक गावाच्या परिस्थितीवर ठरते. तथापि एवढे निश्चित की, अप-डाउन करणाऱ्या शिक्षकाचा उपवास घरी फक्त सुरू होतो आणि संपतो, मधला सारा काळ तो प्रवासात व शाळेत सहकाऱ्यांसोबत काढतो. पूर्वी गावाने दिलेला आधार त्यामुळे शिक्षकांच्या खोलीकडे सरकला. अडीअडचणीला कर्ज देणारी ‘ग. स.’, म्हणजे जळगाव जिल्हा सरकारी नोकरांची सहकारी पतपेढी, ही या सहजीवनाची औपचारिक बाजू म्हटली तर तासांची अदलाबदल ही अनौपचारिक बाजू होय.

आता या उपवासांचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण प्रत्येकाचा शाळेच्या दिवसाशी येणारा संबंध वेगळा आहे. एकादशी, चतुर्थी किंवा श्रावणी सोमवारच्या उपवासात फराळ चालतो, म्हणून तेथे प्रश्न मुख्यतः डब्याचा असतो. भगर, दाण्याची आमटी, राजगिरा, शिंगाडा आणि रावेर-यावलकडची केळी हे फराळाचे पदार्थ असून, त्यांत आज अग्रक्रमी असलेला साबुदाणा मात्र फार जुना नाही, कारण कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा उद्योग तामिळनाडूतील सेलम भागात १९४० च्या दशकात उभा राहिला. श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस भरवण्याची पद्धत बऱ्याच शाळांत दीर्घकाळ चालत आली. खानदेशात त्या महिन्यात आणखी एक भर पडते: नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई देवीचे विसर्जन सोमवारी असल्याने, रात्रभर जागरण केलेली शिक्षिका उपवासासह वर्गात उभी असते. हरतालिका आणि नवरात्राचे नऊ दिवसही अशाच कसोटीचे असतात. पर्युषणात जैन शिक्षक आठ दिवसांची अठ्ठाई करतात किंवा दिवसातून एकदाच जेवण्याचे एकासणे पाळतात आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. वर्षावासाच्या काळात पौर्णिमेला अष्टशील पाळणारे बौद्ध उपासक मध्यान्हानंतर जेवत नाहीत. साडेदहाला भरून पाचला सुटणाऱ्या शाळेची मधली सुट्टी त्यांना उशिराची ठरते आणि त्यासाठी बाराच्या आत पंधरा मिनिटांची मोकळीक कोणीतरी द्यावी लागते.

रोज्याची गोष्ट याहून निराळी आहे. हिंदू पंचांगात अधिक मासाची योजना असल्याने आषाढी दर वर्षी पावसाळ्यातच येते. हिजरी वर्ष मात्र सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. परिणामी शिक्षकाच्या नोकरीच्या काळात त्याला रमजान प्रत्येक ऋतूत भेटतो. जूनमध्ये खानदेशात पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत जवळपास पावणेपंधरा तास पाण्याचा थेंबही न घेता काढावे लागतात, जानेवारीत हा अवधी सव्वाबारा तासांच्या आसपास असतो. २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला सुरू झाला आणि त्याच महिन्यात दहावीची परीक्षा चालू होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरचे उभ्याने पर्यवेक्षण आणि रोजा हे एकाच दुपारी आले.

येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांत बहुतेक शिक्षक मुस्लिम असतात, त्यामुळे रमजानमध्ये सगळ्यांचाच रोजा असतो आणि कोणी कोणाचा तास घ्यावा असा पर्यायच उरत नाही. म्हणून त्या शाळा या महिन्यात सकाळच्या सत्रात भरवण्याचे आदेश शिक्षण विभागाकडून निघतात. मराठी शाळेतील एकट्या मुस्लिम शिक्षकाला असा आदेश लागू होत नाही, परंतु त्याच्याभोवती रोजा नसलेले सहकारी असतात. उलट आषाढीला सर्वच हिंदू शिक्षक उपवासाचे असतील तर त्या दिवशी मुस्लिम किंवा बौद्ध सहकारी मैदानावरचे तास घेतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की, परस्परांच्या उपवासाला मिळणारा आधार हा समान श्रद्धेतून फार थोडा येतो आणि उपवासांच्या भिन्नतेतून अधिक येतो. जिल्हा परिषदेच्या बदल्यांवर शिक्षकांची कायम तक्रार राहिली असली तरी वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसे एका शाळेत आणण्याचे काम त्या बदल्यांनीच केले आहे.

शालेय पोषण आहाराने या देवघेवीत एक अगदी नवा प्रसंग आणला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत आरंभी मुलांना कोरडा तांदूळ मिळे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत विषबाधेने मुले दगावल्यानंतर अन्नाच्या सुरक्षिततेवर अधिक भर आला, आणि २०१५ च्या नियमांनुसार मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकाने अन्नाची चव घेणे आवश्यक ठरले. त्याची नोंद चव नोंदवहीत करावी लागते. ज्या शिक्षकाची पाळी आहे त्याचा त्या दिवशी रोजा, एकादशी किंवा अठ्ठाई असेल तर त्याने घास तोंडात घालणे शक्य नसते, आणि मुलांच्या जिवाशी संबंधित नियम म्हणून तो टाळणेही योग्य नसते. अशा वेळी सहकारी चव घेतो, नोंदवहीत स्वतःची सही करतो आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी आपली पाळी त्याला देतो. एकाच्या व्रताचे रक्षण आणि मुलांच्या सुरक्षिततेचे रक्षण येथे एका घासात साधते; शिक्षकांच्या सहकार्याचे इतके नेमके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या सहकार्याची असमान बाजूही नोंदवली पाहिजे. शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आल्यानंतर शिक्षिकांची संख्या वाढली, आणि व्रतांचा मोठा भार परंपरेने स्त्रियांवर असल्यामुळे उपवास करून वर्ग घेणाऱ्यांतही त्याच अधिक असतात. शाळेतील तास सहकारी वाटून घेतात, घरातला स्वयंपाक मात्र उपवासाच्या दिवशी दुप्पट होतो, एक फराळाचा आणि एक उपवास नसलेल्यांचा, आणि तेथे पाळी बदलून घेणारे कोणी असेलच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरवले आहेत. तयारीचा वेळ त्यात धरला असला तरी शिक्षिकेच्या घरच्या कामाचा हिशेब कोणत्याही तक्त्यात येत नाही. उपवास न करणाऱ्या शिक्षकावर तो करण्याचा दबाव येऊ नये, आणि इतरांच्या व्रतांसाठी नेहमी त्यालाच जादा तास घ्यावे लागू नयेत, ही काळजीही तितकीच आवश्यक आहे. चांगला मुख्याध्यापक वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक लावतानाच हे तोलून पाहतो.

रमजान आता पुन्हा हिवाळ्याकडे सरकतो आहे. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात तो जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल. तहानेचा त्रास त्या काळात कमी असेल, पण बोदवडला जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शाळा पाचला सुटते, म्हणून भुसावळ किंवा मलकापूरला परतणाऱ्या रोजेदार शिक्षकाच्या हाती इफ्तारपूर्वी जेमतेम तासभर राहील. त्या महिन्यात त्याचा शेवटचा तास आधी लावायचा की त्याच्यासाठी खजूर आणि पाणी शिक्षकांच्या खोलीतच ठेवायचे, हे त्या वर्षीचे वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्यांना ठरवावे लागेल.